गिरणीकडून सातवी खोली

मी मन्मथला चुकीच्या खोलीत झोपवलं.

मरणाच्या उंबऱ्यावरच्या माणसानं एकच गोष्ट मागितली होती, आणि उभा जन्म पोरांना भूगोल शिकवलेल्या माझ्यासारख्या मास्तरानं ती एका भिंतीनं चुकवली. गाव चुकलं असतं तर निदान ‘लांबचा पल्ला होता’ म्हणायला तोंड राहिलं असतं. इथं भिंत चुकली. तीही नऊ इंची.

तो जाऊन आता महिना उलटला. फोन आला तेव्हा मी लातुरात गंजगोलाईत मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघत होतो. पलीकडून शारदावहिनी, मन्मथची बायको. “भाऊजी, या लवकर. खुर्चीतच गेले.” आणि मी विचारलं, “कोण?” जगात हा प्रश्न विचारणारा मी एकटाच असेन. त्या खुर्चीत कोण बसायचं हे मला माहीत नव्हतं का? कित्येक महिने मन्मथला आडवं होताच येत नव्हतं. हृदय थकलेलं, छातीत पाणी व्हायचं. पाठ टेकली की विहिरीत बुडाल्यासारखा दम कोंडायचा. रात्ररात्र तो खुर्चीत, पाठीला उशा लावून, डोळे मिटून बसायचा. झोपायचा की नुसता वाट बघायचा, कुणास ठाऊक... मेथी तिथंच टाकली आणि निघालो. स्कूटरची किल्ली भाजीवालीकडं राहिली होती, ती आणायला पुन्हा मागं आलो. मरणाच्या वेळीसुद्धा माझा प्रवास सरळ रेषेत होत नाही.

मन्मथ लिंगायत. त्यांच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, आणि तसंच बसवून मातीत ठेवतात. त्याला बसवताना मी कडेला उभा होतो. चेहरा अगदी खुर्चीतल्यासारखाच. जणू आपण त्याची खोली बदलली, बाकी काही नाही.

आमची गाठ पडली लातूरच्या एका शाळेत. मी भूगोलाला, तो पी.टी.ला. पी.टी.चा मास्तर म्हणजे आवाज, असा आपला समज. ह्या माणसाला आवाजच नव्हता. स्टाफरूममध्ये कधी आला, कधी गेला, पत्ता लागायचा नाही. कपाटाचं दार असं लावायचा की जणू आत बाळ निजलंय. चहाचा कप बशीत ठेवताना खाली करंगळी धरायचा, खण्ण वाजू नये म्हणून. पोरांवर ओरडणं नाही. गळ्यात शिट्टी, काय सांगायचं ते शिट्टीनं. वहिनी म्हणायच्या, “लग्न झाल्यावर मला वाटलं, घरच्यांनी मुका नवरा गळ्यात मारला. मी आईला म्हणलं, अगं ह्यांचा तर जेवताना बी आवाज येत न्हाई!” मी बरोब्बर उलटा. मला बंद करायचं बटण देवानं बसवलंच नाही. आम्ही दोघं बरोबर चालायला लागलो की हेडमास्तर म्हणायचे, “आले, रेडिओ आणि त्याचा ऐकणारा आले.”

एकदा औशाच्या किल्ल्यात सहल नेली. मी छाती पुढं काढून म्हणालो, चला, नकाशा माझ्या डोक्यात आहे. आणि सातवीच्या पोरी घेऊन एका कमानीतून दुसऱ्या कमानीत, तिथून पायऱ्या उतरून पुन्हा त्याच पहिल्या कमानीत, असा घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिलो. पोरी रडकुंडीला आल्या. मीही आलो होतो, पण मिशा असल्यामुळं दिसत नव्हतं. तेवढ्यात लांबून शिट्टी ऐकू आली. थांबून थांबून, न कंटाळता. त्या आवाजाच्या मागं मागं आम्ही बाहेर पडलो. दरवाज्यात मन्मथ उभा. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवतो. त्यानं फक्त विचारलं, “तुझ्या नकाशात प्यायचं पाणी होतं का?” तेव्हापासून तो मला नकाशा म्हणायला लागला, आणि हळूहळू शाळाही.

हा एवढा हळू का, हे कळायला मात्र बरीच वर्षं गेली. एका दुपारी आम्ही पेपर तपासत बसलो होतो. मी कपाट धाडकन लावलं तर तो दचकून उठला, आणि मग स्वतःशीच हसला. म्हणाला, “नकाशा, असं दार लावलं असतं तर आमच्या आईनं तुला झाडूनं हाणलं असतं.” आणि मग पहिल्यांदा तो त्याच्या नांदेडबद्दल बोलला.

वडील, म्हणजे आप्पा, नांदेडच्या कापडगिरणीत. कायम रात्रपाळी. दिवसा झोपणार. घर म्हणजे गिरणीच्या चाळीतली एकच खोली. बाकीच्यांनी जायचं कुठं? त्यावर चाळीची एक रीत होती. रात्रपाळीवाल्यानं शक्यतो शेजारी दिवसपाळीवाला बघून खोली घ्यायची. दिवसपाळीवाला कामावर गेला की त्याची खोली मोकळी. मग रात्रपाळीवाल्याची बायको, पोरं, चूल, पाटा, धुणं, भांडण, सगळा संसार दिवसभर शेजारी. सकाळी भोंगा झाला, आप्पा घरी आले, की आई चार पोरांना ओंजळीतल्या पाण्यासारखं सांभाळत पलीकडं नेऊन ओतायची. आपल्या खोलीत झोप, शेजारच्या खोलीत आयुष्य.

शेजारी यशवंतकाका आणि गोदूमावशी, बौद्ध कुटुंब. मावशी बोलायला खणखणीत. तिच्या खोलीत ओरडा, नाचा, भांडा, तिची कशालाच ना नसायची. निलंग्याकडची आजी राहायला आली की आईची सक्त तंबी असायची, मावशीकडं जेवतो म्हणून बोलायचं नाही. मन्मथ मला म्हणाला, “लिंगायताचं पोरगं सुकटीच्या वासावर वाढलंय. कुणाला सांगू नको.” मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आता छापतोय... त्याच्या माघारी, आजीच्याही माघारी.

गिरणी बंद पडली. आप्पा गेले, आई गेली, काका-मावशी गेले. पोरं पांगली. चाळ ओस पडली आणि वर्षानुवर्षं तशीच उभी राहिली. मग कुणा हौशी माणसानं तिच्यातली एक रांग घेऊन तिचं मोटेल केलं. दारापुढं गाडी लावायला फरशी, आत एसी, भिंतीवर मागावरचे जुने धोटे आणि सुताच्या कांड्या चौकटीत बसवलेल्या, बाहेर पाटी ‘हेरिटेज मुक्काम’. ज्या ओट्यावर बायका धुण्यावरून भांडायच्या तिथं आता वेताच्या खुर्च्या. मन्मथच्या पुतण्यानं मोबाईलवर त्याचे फोटो दाखवले. मी शेजारीच बसलो होतो. मन्मथनं तो मोबाईल हातात घेतला आणि परत देईचना. बऱ्याच वेळानं म्हणाला, “नकाशा, मला एकदा तिथं झोपायचंय. आमची सातवी खोली. गिरणीकडून सातवी.”

‘गिरणीकडून’ हा शब्द त्यानं नक्की उच्चारला होता. मी ऐकला कसा नाही? मी बोलत असणार.

वहिनी कडाडल्या. “घरात झोप न्हाई अन् लॉजवर झोपायला चाललेत! भाऊजी, तुमच्या नादानं ह्यांचं काय व्हायचं ते होऊ द्या, मी काय येणार न्हाई.” पण औषधांची पिशवी त्यांनीच भरली, उशा त्यांनीच मोजून दिल्या, आणि गाडी सुटताना काचेतून हात घालून त्याच्या स्वेटरचं वरचं बटण त्यांनीच लावलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आता जे खावं वाटतं ते खाऊ द्या. जे खावं वाटतं त्यात झोपही येत असावी.

मी फोन करून खोली घेतली. “सात नंबर पाहिजे.” “मोकळीच आहे सर.” मला वाटलं, देव पावला. अहमदपूर, लोहा करत आम्ही दुपार कलताना नांदेडला पोचलो. गिरणीची चिमणी दिसली तसा मन्मथ सीटवर ताठ झाला. गाडी दारापुढं लागली. सात आकडा पितळेचा, चकचकीत. मन्मथ दाराशी उभा राहिला. एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं. मग माझ्याकडं बघितलं. मी त्या वेळी आजूबाजूच्या वास्तुरचनेवर व्याख्यान देत होतो. तो हसला आणि आत गेला.

आणि मग काय झालं ते मला अजून खरं वाटत नाही. तो बोलायला लागला. मोठ्यानं! कॉटवर उशांना टेकून, दम लागला की थांबून, पुन्हा सुरू. गोदूमावशी कशी पाट्यावर चटणी वाटता वाटता यशवंतकाकांची नक्कल करायची... आईनं उंदराला हाणायला लाटणं फेकलं ते काकांच्या पाठीत कसं बसलं... ह्या कोपऱ्यात चूल, त्या कोपऱ्यात बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली पोरांची अभ्यासाची रांग. फोटो ऐकून मी चमकायला पाहिजे होतं. लिंगायताच्या घरात बसवेश्वर असतील, इथं बाबासाहेब कसे, हा प्रश्न चौथीतल्या पोराला पडला असता. मला पडला नाही. मी त्याचं हसणं बघत होतो. इतक्या वर्षांत ह्याच्या घशात एवढं हसू आहे हे मला माहीत नव्हतं. मनात म्हणालो, जमलं आपल्याला. एकदा तरी जमलं. आणि त्या समाधानात मी त्याच्या आधी घोरायला लागलो.

सकाळी जाग आली तर मन्मथ आडवा.

उशा खाली जमिनीवर. तो कुशीवर वळलेला, तोंड भिंतीकडं, एक हात भिंतीला टेकवलेला. कित्येक महिन्यांत मी त्याला आडवा बघितला नव्हता. आडवा मन्मथ म्हणजे माझ्या डोक्यात एकच अर्थ. मी किंचाळलो. “मन्मथ! ए मन्मथ!” खांदे धरून गदागदा हलवला. इतका, की गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले शेजारचे पंजाबी आजोबा बाहेर धावून आले. मन्मथनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “काय झालं? भूकंप आला का?”

लातूरच्या माणसाला हा विनोद शोभतो. मी रडत होतो आणि हसतही होतो. “अरे, तू आडवा होतास...” “मग? झोपताना माणूस उभा असतो का?” आणि मग त्याच्याही ध्यानात आलं. आपण झोपलो होतो. आडवं पडून, रात्रभर. कसं, ते डॉक्टरांना विचारा. त्यानं पुन्हा हळूच अंग टाकून बघितलं. छाती भरून आली, खोकला उसळला, उठून बसावं लागलं. पुन्हा एकदा बघितलं. नाही जमलं... मी जमिनीवरच्या उशा गोळा करून त्याच्या पाठीला लावत राहिलो. त्या माणसाची ती शेवटची आडवी झोप होती आणि ती मी मोडली, हे कळायला मला त्याच्या मरणापर्यंत वेळ लागला.

तेवढ्यात भोंगा झाला. मोटेलवाल्यांची हौस! सकाळी रेकॉर्ड केलेला भोंगा वाजला की पाहुण्यांनी पोहे खायला यायचं. बाकीचे पाहुणे मोबाईल घेऊन बाहेर पडले. मन्मथ भिंतीला धरून धरून ओट्यावर आला, पोह्यांकडं न जाता शेजारच्या बंद दाराशी गेला आणि चपला काढून उभा राहिला.

“अरे, तिकडं कुठं? आपली खोली ही.”

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. “हळू. आप्पा आलेत आत्ताच.”

मला वाटलं, संपलं, ह्याचं डोकं गेलं. माझा चेहरा बघून त्याला माझी कीव आली. “येड्या, आमची खोली ही. रांगेत चौदा खोल्या. आम्ही गिरणीकडून मोजायचो, ह्यांनी रस्त्याकडून आकडे टाकलेत. आमची सातवी ती ह्यांची आठवी. तू मला गोदूमावशीकडं झोपवलंस.”

भूगोलाचा मास्तर. दिशा शिकवून पेन्शन खाणारा.

मी मॅनेजरला हाका मारायला लागलो, तिथं उतरलेल्या त्या पंजाबी कुटुंबाच्या हातापाया पडतो, अजून एक रात्र राहू म्हणालो. मन्मथनं माझा हात धरला. “गप. बरंच झालं. इथं झोपलो असतो तर रात्रभर श्वास बी हळू घ्यावा लागला असता. आप्पा उठले असते.”

“मग काल का बोलला नाहीस?”

“तू बोलून राहिला होतास की.”

घरी पोचल्यावर वहिनींनी दारातच विचारलं, “झोपलात का आपल्या खोलीत?” मन्मथ म्हणाला, “हाव.” “आडवे?” “आडवा.” वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. बोललो नाही. आयुष्यात गप्प बसण्याचा हा माझा पहिलाच प्रयत्न, आणि तोही खोटेपणासाठी. मन्मथनं मला वाचवलं असं मला तेव्हा वाटलं. त्याला खरंच बरं वाटलं होतं, की तो माझी समजूत घालत होता... हे विचारायचं राहून गेलं. थोड्याच दिवसांत मेथीच्या जुड्यांपाशी फोन आला.

सगळे विधी झाले, पाहुणे गेले, आणि एक दिवस वहिनींनी मला बोलावून घेतलं. ती खुर्ची तिथंच होती. तिच्याकडं न बघता म्हणाल्या, “भाऊजी, जिते असताना बसून झोपले. गेल्यावर बी आपण बसवलंच. रीत हाय, माझी काय तक्रार न्हाई. पण डोळं मिटलं की ह्यायची पाठ दिसते मला, ताठ. कंबर दुखत असंल का हो त्यांची?” मला बोलता येईना. मला! “एक रात्र आडवे झाले म्हणता न्हवं? ती खोली दाखवा मला. कुठं आडवे झाले ते बघते, मग काय मनातून जाईल ते जाईल.”

आता आली पंचाईत. वहिनींच्या हिशेबी मन्मथ वाढला ती खोली आणि झोपला ती खोली एकच. प्रत्यक्षात मध्ये माझी भिंत. एक दाखवावी तर दुसरी खोटी पडते. मी माझ्या अकलेनं तोडगा काढला. सात आणि आठ, दोन्ही घेतल्या. वहिनी समजल्या, दुसरी माझ्यासाठी. मीही समजू दिलं.

त्या मात्र गाडीतून उतरल्या आणि मला मागं टाकून थेट चिमणीकडच्या टोकाला गेल्या. तिथून एकेका दाराला हात लावत यायला लागल्या. ओठ हलत होते. एक, दोन, तीन... आठ आकड्याच्या दाराशी थांबल्या. “ही.”

मी दोन किल्ल्या हातात घेऊन उभा.

“लग्न झाल्यापासून सतरांदा सांगितलं ह्यायनी, गिरणीकडून सातवी. तुम्हाला न्हवतं सांगितलं?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

“मग मी सात नंबर घेतला, वहिनी.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की औशाच्या किल्ल्यातल्या पोरी बऱ्या. आठाचं दार उघडून घेतलं, उंबऱ्यापाशी वाकून हात लावला, आत पाऊल टाकलं नाही. “ही आप्पांची झोपायची खोली. हिच्यात ह्यायनी कधी तोंड उघडलं न्हाई, तीच सवय घेऊन माझ्याकडं आले.” दार त्यांनी ओढून घेतलं. त्यांच्यासारख्या खणखणीत बाईनं, आवाज न करता. मग म्हणाल्या, “चला. तुम्ही कुठं झोपवलंत ते दाखवा.”

सातात पांढरी चादर ताणून घातलेली होती, परीटघडीची. वहिनी कॉटच्या कडेला टेकल्या. “कंच्या कुशीवर?” मी सांगितलं. डाव्या, तोंड भिंतीकडं, हात असा. त्यांनी चादरीवरून हात फिरवला, माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा, वरून खाली. “तुम्ही बाहेर बसा जरा.”

मी ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसलो. दार अर्धं उघडं. आतून काहीच आवाज येईना, आणि आवाज आला नाही की मला भीती वाटते. मी बोलायला लागलो. “वहिनी, लई हसला इथं. मोठमोठ्यानं.”

आतून हळूच आलं, “मोठ्यानं?”

“हो. मावशीच्या गोष्टी सांगत होता.”

“माझ्यापाशी मोठ्यानं कधी हसले न्हाईत.”

हे ऐकून गप्प बसावं की नाही? पण मला वाटलं, बाईचं मन दुसरीकडं वळवावं. म्हणून चौदा खोल्या कशा मोजायच्या ते सांगितलं, भोंग्याचं सांगितलं, पोह्यांचं सांगितलं, आणि त्या ओघात तेही सांगून बसलो. “सकाळी इतका गाढ झोपला होता वहिनी, की मी घाबरलो. मला वाटलं, गेला. मीच हलवून उठवला.”

“उठवलंत?”

“...हो.”

कॉट करकरली, वहिनी दाराशी आल्या. डोळे पुसलेले होते. एक हात दारावर, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

“भाऊजी, आता तरी तोंडाला सुट्टी द्या. माणूस झोपलाय आत.”